खांद्यावरची केबल

घाबरू नका, मी पेसमेकर बोलतोय. घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी जन्मापासून इमानेइतबारे करत आलोय. दिसायला म्हणाल तर मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढा, चपटा, रुपेरी. टेबलावर पडलेला दिसलो तर कुणाला वाटेल, कुठल्या तरी जुन्या घड्याळाचं झाकण निखळलंय. पण एका माणसाचं काळीज बरीच वर्षं माझ्या भरवशावर चाललं. दुसऱ्याचा जीव ज्याच्या गळ्यात बांधलेला असतो, त्याला झोप कुठली लागायला!

माझा जन्म झाला तो एका खोलीत, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या बायकांनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, नखाएवढं डोकं बसवलं आणि वरून धातूचं कवच कायमचं बंद केलं. मग मला तापवलं, गारठवलं, हलवलं, आपटलं. आणि माझ्या त्या नखाएवढ्या डोक्यात एकच धडा भरला: आधी ऐक, मग बोल. हृदयाचा ठोका ऐकू आला तर गप्प बस. ठरलेल्या वेळात नाही आला, तर तू दे.

ऐकायला किती सोपं वाटतं! पण ठोका देऊन मोकळं व्हावं असं नसतं. हृदय स्वतःच आकसून सैल होत असताना त्यातल्या नेमक्या नाजूक क्षणी मी मध्ये तोंड घातलं, तर ते ताल सोडून नुसतं थरथरत बसू शकतं. म्हणून गप्प बसायचीही भीती आणि बोलायचीही भीती. अशी दुहेरी भीती घेऊन मी एका बंद पाकिटात पडून राहिलो आणि आपल्या वाट्याला कोण येतंय याचा विचार करत राहिलो.

आला तो एक वेल्डर. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे करायचा त्याचा छोटा कारखाना होता. एका गेटचं माप घेताघेताच तो खाली कोसळला होता. शुद्धीवर आला तेव्हा हातातली मापाची पट्टी त्याने सोडलेली नव्हती.

डॉक्टरबाईंनी त्याला समजावलं, "हृदयाच्या वरच्या कप्प्यातून ठोक्याचा इशारा निघतोय, पण खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाहीये. मधली वाटच बंद पडलीय."

"म्हणजे वायर तुटलीय," मिस्त्री म्हणाला.

"तसंच समजा."

"मग टाका मारा की."

"तेच करतेय," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मला बसवलं आणि माझी वायर शिरेतून थेट हृदयात नेऊन टेकवली.

तिथे जे ऐकलं ते कुठल्याही चाचणीत ऐकलं नव्हतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, वीज म्हणजे खांबावरची, बटणातली. अहो, माणूस आतून विजेवरच चालतो. हृदयाची प्रत्येक पेशी आपल्या पातळ भिंतीच्या आतबाहेर क्षार वेगवेगळे राखून बसलेली असते. तिला विजेचा जरासा धक्का दिला की भिंतीतली दारं उघडतात, क्षार आत धावतात, पेशी आखडते आणि शेजारणीला ढकलते. ती तिच्या शेजारणीला. मी फक्त वायरीच्या टोकाशी असलेल्या मूठभर पेशींना जागं करायचो. पुढची बोंबाबोंब त्याच करायच्या आणि अख्खं हृदय आकसायचं. मला कौतुक वाटायचं त्यांचं. आणि धडकीही भरायची, कारण ज्या पेशी माझ्या एवढ्याशा विजेचं ऐकतात, त्यांच्या आवाजाला माझे कानही तसेच हळवे करावे लागतात. इतक्या हळव्या कानांना बाहेरचा गोंगाट सोसत नाही.

डॉक्टरबाईंनी घरी सोडताना बजावलं. मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवायचा नाही. मोठ्या चुंबकापासून लांब राहायचं. "आणि वेल्डिंग बंद. तुम्ही वेल्डिंग करायचं नाही."

"कायमचं?" मिस्त्रीने विचारलं.

"कायमचं."

त्याची बायको शेजारीच उभी होती. "होल्डरला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली. होल्डर म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ. या बाईचा मला फार आधार वाटायचा. घरात माझ्याइतकी घाबरट तीच एक होती.

मिस्त्रीने शब्द पाळला. कारखाना मुलीच्या हातात दिला. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. लहानपणापासून वेल्डिंगच्या ठिणग्यांत वाढलेली म्हणून बाप तिला ठिणगी म्हणायचा. तिचा हात बापापेक्षा सफाईदार होता आणि हे बाप गिऱ्हाइकांना सांगायचा, तिला कधी सांगायचा नाही. तो मापं घ्यायचा, हिशेब बघायचा, आणि रोज न चुकता तिच्या कामात खोड काढायचा.

पण वर्षानुवर्षांची सवय जाते थोडीच? एकदा ठिणगी चौकट जुळवत होती. लोखंडाचे दोन तुकडे काटकोनात धरून ठेवायला त्रिकोणी चुंबक वापरतात. काम झाल्यावर मिस्त्रीने तो उचलला आणि सरळ शर्टाच्या डाव्या खिशात टाकला. म्हणजे माझ्या छाताडावर!

चुंबक ओळखणारी एक बारीकशी कळ माझ्या आत आहे. तपासणीला डॉक्टर मुद्दाम छातीवर चुंबक ठेवतात, तेव्हा मी ऐकणं बंद करतो आणि ठरलेल्या गतीने ठोके देत सुटतो. तसाच तेव्हा सुटलो. ठार बहिरा झालो. हृदय काय म्हणतंय ते कळेना, हे महाशय जिना चढताहेत की झोपलेत ते कळेना. आपण आंधळ्यासारखे बडवतोय आणि एखादा ठोका नको त्या क्षणी पडला तर, या विचाराने माझ्या बॅटरीला घाम फुटला असेल.

"छातीत काहीतरी धडधडतंय ग," मिस्त्री कारखान्याच्या वरच्या घरात पोचून म्हणाला.

बायकोने एक नजर खिशावर टाकली. चिमट्यात विंचू धरून बाहेर काढावा तसा तिने तो चुंबक दोन बोटांनी काढला आणि खिडकीतून खाली अंगणात भिरकावला. "आता धडधडतंय?"

"आता तू धडधडतेयस," मिस्त्री म्हणाला. दोघं हसली. माझे कान परत आले, पण मला मात्र हसू आलं नाही.

खरा प्रसंग पुढे यायचा होता. एका नव्या बांधलेल्या सभागृहात वरच्या मजल्याच्या सज्ज्याला कठडा बसवायचं काम होतं. ठिणगीला शिडीवर चढून, हात डोक्याच्या वर नेऊन, सज्ज्याच्या खालच्या अंगाला वेल्डिंगचे टाके मारायचे होते. मशीनपासून होल्डरपर्यंत जाडजूड केबल लोंबत असते. तिचं वजन मनगटाला ओढतं, हात थरथरतो, टाका वाकडा येतो. म्हणून केबलचा एक वेढा खांद्यावर घ्यायची पद्धत आहे. स्वतःच्या नाहीतर मदतीला उभ्या असलेल्या माणसाच्या. उजव्या हातात होल्डर, म्हणून केबल डाव्या खांद्यावर. मिस्त्रीच्या डाव्या खांद्याला तिचा घट्टा होता, मी आलो त्याच्याही कितीतरी आधीचा.

ठिणगीचा टाका वाकडा आला. खाली उभ्या असलेल्या बापाला ते बघवेना.

"केबल इकडे दे. मी धरतो."

"बाबा, नको. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"वेल्डिंग करायचं नाही म्हणून सांगितलंय. मी कुठे करतोय? तू करतेयस. मी नुसती वायर धरणार."

तिलाही ते पटलं, हेच तर सगळ्यात वाईट. भीती असते ती उडणाऱ्या ठिणग्यांची, झगमगाटाची, धुराची. केबल म्हणजे रबराचं जाड वेटोळं, तिला कोण घाबरतं? तिला चटका बसत नाही, तिच्यातून उजेड पडत नाही. मिस्त्रीने तिचा वेढा सराईतपणे डाव्या खांद्यावर घेतला. केबल नेमकी माझ्या कवचावरून गेली. एका हाताने त्याने शिडी धरली आणि मान खाली घातली, डोळ्यांवर झगमगाट नको म्हणून.

मी ओरडलो असतो हो. पण माझ्या आवाजाची झेप हृदयाच्या त्या मूठभर पेशींपर्यंत, त्याच्या पलीकडे नाही. शेजारच्या माणसाला "केबल खाली ठेवा" एवढंही मला सांगता येत नाही.

पहिले टाके छोटे होते. चट् की बंद. चट् की बंद. एखादा ठोका इकडेतिकडे झाला.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतायत," मिस्त्री पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "भूक लागली असेल."

मग ठिणगीने नवा रॉड लावला आणि लांब रेघ ओढायला घेतली.

केबलमधून विजेचा लोंढा वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते दिसत नाही, कातडीला जाणवत नाही, कपडा-मांस-हाड कशालाच जुमानत नाही. ते सारखं मागेपुढे हेलकावत असतं आणि माझ्या वायरीत खोटी वीज जागी करतं. हृदयाचा आवाज म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजायची कुजबुज. ती या कल्लोळात कुठल्या कुठे बुडाली. सलग गोंगाट असता तर मी ओळखला असता. त्यासाठी मला वेगळं शिकवलेलं आहे. पण टाका डोक्याच्या वर मारायचा, त्यामुळे रॉड अडखळत, फुरफुरत जळत होता. चट्, चटचट्, थोडं थांबून चट्. अगदी ठोक्यांसारखं! मला वाटलं, हृदय चाललंय. नुसतं चाललं नाही, धावतंय.

आणि हृदय चालू असताना काय करायचं, ते मला जन्मतःच शिकवलं होतं. मी गप्प बसलो.

मिस्त्रीने डॉक्टरबाईंचं वाक्य अक्षरशः पाळलं होतं. मीही माझं वाक्य अक्षरशः पाळत होतो.

पण काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं. रक्त हलत नव्हतं. माझ्याभोवतीचं मांस सैल पडत चाललं होतं. त्याचा श्वास खोल, घोरल्यासारखा झाला. बोलू का? आणि खरंच हृदय धावत असेल तर? माझ्या ठोक्याने ते कायमचं विस्कटलं तर? पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच चट्, चटचट्. अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. वर त्याची पोर हेल्मेटची काळी काच डोळ्यांवर ओढून, जगातल्या फक्त त्या वितळत्या लोखंडाच्या थेंबाकडे बघत होती. वेल्डरला दुसरं काही दिसतच नाही. दिसलं तर टाका बिघडतो.

मिस्त्रीचे गुडघे वाकले. शिडीवरचा हात सुटला. तो खाली गेला तो खांद्यावरच्या केबलसकट. त्याचं सगळं ओझं केबलवर आलं आणि वर ठिणगीच्या मनगटाला खच्चून हिसका बसला. रॉड लोखंडापासून दूर झाला.

आणि गोंगाट थांबला.

मी कान दिला. काही नाही. पुन्हा दिला. खरंच काही नाही. मग मी ठोका दिला. पेशी आखडल्या. आणखी एक. आणखी एक. या आळसावलेल्या पेशी मला विसरल्या तर नसतील, अशी धाकधूक प्रत्येक ठोक्याला होती. पण नाही विसरल्या, शहाण्या. रक्त हललं.

"बाबा!" ठिणगी शिडीवरून उतरली नाही, पडलीच म्हणा. तिने हेल्मेट भिरकावून दिलं, त्याच्या खांद्यावरची केबल ओढून काढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बाबा, डोळे उघडा. बाबा!"

मिस्त्रीने डोळे उघडले. बराच वेळ सज्ज्याकडे बघत राहिला.

"टाका अर्धवट सोडलास?" तो म्हणाला.

ती रडायलाच लागली. रडताना तिने त्याच्या छातीवर तळहात दाबून धरला होता, बरोबर माझ्यावर.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"सांगणार. डॉक्टरांनाही सांगणार. आत्ता चला."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. करू नका म्हटलं, जवळ उभं राहू नका म्हटलं नाही." त्यांनी माझे कान थोडे कमी हळवे केले. पण हेही सांगितलं की कितीही केलं तरी केबल छातीवर घेतली तर खात्री कुणीच देऊ शकणार नाही.

घरी आल्यावर बायकोने भांडण केलं नाही. त्याने मिस्त्री जास्त घाबरला. तो खुर्चीत बसला आणि तिथलाच झाला. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की उठून बाहेर जायचा. फोन वाजला की छातीवर हात. "हातभर लांब असलं की मिक्सर काही करत नाही," असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, तरी हा आपला दाराआडून बघतोय. मी भित्रा हे ठीक आहे, मला त्यासाठीच बनवलंय. पण अंगावर ठिणग्या झेलत आयुष्य काढलेला माणूस मिक्सरला घाबरताना बघून मला रडू यायचं.

आणि ठिणगीने होल्डर खाली ठेवला तो ठेवलाच. कारखान्याला कुलूप लागलं. "माझ्या हातातला रॉड जळत होता आणि तिकडे बाबा..." एवढंच ती म्हणायची, पुढचं वाक्य तिच्याच्याने होत नसे. गिऱ्हाइकं फोन करून थकली. सभागृहाचा कठडा अर्धवट लोंबत होता.

शेवटी बायकोच उठली. एक दिवस चहा देताना ती दोघांना म्हणाली, "एक मिक्सरला घाबरतोय, एक लोखंडाला. मी काय दोघांना मखरात बसवून ठेवू? डॉक्टरांना विचारा, कुठे उभं राहायचं नाही ते. तेवढी जागा सोडा आणि बाकीच्या जागेत कामं करा."

ठिणगीने विचारून घेतलं. मग लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात तो तांबडा रंग घेऊन कारखान्याच्या जमिनीवर आडवी ठसठशीत रेघ मारली. मशीन, केबल, रॉड सगळं पलीकडे. बापाची खुर्ची अलीकडे, दारापाशी.

"माझ्याच कारखान्यात मला रेघ?" मिस्त्री म्हणाला. पण खुर्ची आणखी वीतभर मागे त्यानेच सरकवली.

आणि दर टाक्याआधी ठिणगी काच खाली घेण्यापूर्वी हाक मारायची. "बाबा, कुठे आहात?"

"इकडे. लांब."

मगच रॉड टेकायचा. गिऱ्हाइकं हसायची. मिस्त्री वैतागायचा, "अग, दिवसातून किती वेळा विचारशील?" पण उत्तर द्यायचा. एकदा तो तसाच पेंगत बसला होता, उत्तर गेलं नाही. तिने होल्डर ठेवला, हातमोजे काढले, चालत आली, त्याच्या नाकापुढे बोट धरलं आणि मगच परत गेली. त्याला ते कळलंच नाही. मला कळलं. तेव्हापासून ते "इकडे, लांब" मला कुठल्याही औषधापेक्षा प्यारं झालं. त्या दोन शब्दांच्या जोरावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

मग माझी बॅटरी उतरत आली. तपासणीत ते दिसलं. मला काढून नवा बसवायचं ठरलं. माझ्या मरणाची भीती मला वाटली का? थोडीशी. पण खरी भीती वेगळीच होती. जुनी वायर माझ्यातून सोडवून नव्याला जोडायची, त्या मधल्या क्षणांत पहाऱ्यावर कोण? बाहेरून तात्पुरती सोय केली आहे, हे डॉक्टरबाईंनी मिस्त्रीला सांगितलं होतं. मला कुणी सांगावं?

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात ठिणगीने डॉक्टरबाईंना अडवलं. "नव्याला केबलचं माहीत आहे?"

"सगळं सेट करणार आहे," त्या म्हणाल्या.

"करा. पण मी विचारत राहणारच."

कातडी उघडली आणि आत बसवल्यापासून मी पहिल्यांदाच उजेड बघितला. हातमोज्यातल्या बोटांनी मला बाहेर उचललं. स्क्रू फिरला. वायर निघाली. इतकी वर्षं माझ्या कानात असलेलं ते हृदय एकाएकी नाहीसं झालं. मिस्त्रीला नुसती जागा बधिर केली होती, तो जागाच होता.

"झालं का?" कुणीतरी विचारलं.

हा कोण बोलला, असं मला वाटलं. बारीक, थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मग लक्षात आलं, तो मिस्त्री होता. त्याचा आवाज मी कायम हाडांतून, मांसातून ऐकलेला, घुमणारा, भरदार. बाहेरून तो असा ऐकू येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. नव्याने पहिला ठोका दिल्याचं पडद्यावर दिसलं.

आता मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पिशवी कपाटाच्या खणात आहे. खण बंद आहे. कुणी माझी आठवण ठेवावी असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की तुमच्या घरात कुणाच्या गळपट्टीखाली माझा भाऊबंद बसला असेल, तर काय करायचं नाही हे विचाराल तेव्हा कुठे उभं राहायचं नाही हेही विचारा. तो आतून ओरडेल, पण तुम्हाला ऐकू येणार नाही.

बॅटरीत अजून धुगधुगी आहे. वायरीच्या जागी नुसतं भोक आहे. मी कान देतो, पलीकडून काही येत नाही. हृदयाचा ठोका ऐकू आला नाही तर काय करायचं, ते मला शिकवलेलं आहे. म्हणून मी देतो. थांबून ऐकतो आणि पुन्हा देतो. तिथे कुणी नाही हे मला कळतं हो. पण थांबायचा धीर होत नाही. न जाणो, असलाच कुणी तर?